संकरित गाय, डांगी, शेळी की कोंबडी? नाशिकच्या दोन एकरवाल्यांसाठी

जनावर घ्यायचं ठरलंय, शेत दोन एकर, हाताशी थोडी पुंजी. अशा वेळी बहुतेक जण आधी विचारतात, ‘दूध किती देते?’ मी आधी विचारेन, मे महिन्यात तुमच्या विहिरीला पाणी किती असतं? नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि येवला, नांदगाव, सिन्नरचा पूर्व भाग ५००-६०० मिलिमीटरवर वर्ष काढतो. इगतपुरीजवळच्या घोटीकडे नीट पोसलं जाणारं जनावर येवल्यात कर्ज होऊन बसतं.

दुसरा प्रश्न घरातल्या ताटाचा. दोन गायी दावणीला असून लेकरांच्या कपात कोरा चहा, अशी घरं मी पाहिली आहेत. सकाळ-संध्याकाळचं सगळं दूध संकलन केंद्रावर जातं, कारण पेंडीची उधारी असते. अशा घरात दुधाचा धंदा आहे, पण लेकरांच्या वाट्याला दूध नाही.

संकरित गायीचा, म्हणजे देशी-विदेशी जातींच्या संकराच्या गायीचा, हिशोब मांडून बघा. १२ लिटर देणाऱ्या गायीला अंगापुरतं दीड किलो आणि दर अडीच लिटरमागे एक किलो, असं दिवसाला सहा किलोच्या आसपास पशुखाद्य लागतं. खाद्य ३० रुपये किलो आणि दूध ३० रुपये लिटर धरलं, तर ३६० रुपयांच्या दुधातले सुमारे १८० नुसत्या खाद्यात गेले. वर २५-३० किलो हिरवी वैरण, पाच-सहा किलो सुका चारा, आणि उन्हाळ्यात पिण्यालाच ६०-८० लिटर पाणी. डॉक्टर, रेतन, उलटलेला माज (रेतन करूनही गाभण न राहणं), भाकड काळ हे अजून धरलेलंच नाही. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन घटक) न भरल्यास दर कापला जातो, तो वेगळा. होल्स्टीन या विदेशी दुधाळ जातीचं रक्त जास्त असलेली गाय एप्रिल-मेच्या उन्हात धापा टाकते, चारा सोडते आणि दूध चोरते.

तरीही पर्यावरणाच्या बाजूने हिच्यासाठी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. रवंथ करणाऱ्या प्रत्येक जनावराच्या पोटातून मिथेन निघतो. संकरित गाय एकूण मिथेन जास्त सोडते, पण तो जास्त लिटरांत वाटला जातो, म्हणून लिटरमागे कमी पडतो. शिवाय दोन गायींचं शेण दोन घनमीटरच्या गोबरगॅसला पुरतं. त्याला रोज साधारण ५० किलो शेण लागतं. गॅसवर चूल पेटते, आणि उकिरड्यात कुजून हवेत गेला असता तो मिथेन जळून जातो. गोबरगॅसमधून निघणारी स्लरी (शेणकाला) शेतात पडली की खताच्या गोण्या कमी लागतात. स्वतःच्या मक्याचा मुरघास (हवाबंद मुरवलेली हिरवी वैरण), बांधावर नेपियर गवत आणि बारमाही पाणी असेल, तर ही गाय जरूर घ्या. चारा विकत घेऊन मात्र नको.

डांगी या डोंगरी भागातल्या देशी गायीबद्दल लोक ‘दूधच नाही’ म्हणून हात झटकतात. खरं आहे, एका वेताला साधारण ४००-५०० लिटर. दिवसाला १० लिटरची संकरित गाय तेवढं दीड महिन्यात देते. पण इगतपुरी-त्र्यंबकच्या झडीत संकरित गाय उभी करून बघा. डांगीच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, पाणी अंगावरून निथळून जातं. काळे, कठीण खूर चिखलात झिजत-कुजत नाहीत. भाताच्या चिखलणीला तिचेच बैल लागतात. ती खाते भाताचा पेंढा आणि डोंगरावरचं गवत, म्हणजे जे माणसाला खाता येत नाही ते. माणसाच्या मक्याशी तिची स्पर्धा नाही. लिटरमागे मिथेन मोजला की ती हरते, कारण त्या मोजणीत नांगरट आणि शेणखत धरलेलं नसतं. पश्चिमेकडच्या भातवाल्याने ती विकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घोटीच्या बाजारात ती मिळते. घेताना दात आणि खूर बघा.

पूर्वेकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला मी शेळीच सांगेन. संगमनेरी ही इकडचीच जात, उस्मानाबादी मराठवाड्यातली पण इथे रुळलेली. शेळी गाभण राहिल्यापासून पाच महिन्यांत विते, बऱ्याचदा जुळी देते. अडचणीला एक बोकड विकता येतो. गाय अर्धी विकता येत नाही! पाणी दिवसाला चार-सहा लिटर. वर्षाचा मिथेन एका शेळीमागे साधारण पाच किलो, मोठ्या दुभत्या गायीच्या दशांशाच्या आसपास. दूध थोडं असतं, पण ते डेअरीवर जात नाही, घरातच राहतं. लेकरांसाठी हेच मोलाचं.

दोष आहे तो मोकाट चराईचा. कोवळं झाड शेळी शेंड्यापासून खाते, आणि चांदवडच्या उघड्या डोंगरांवर आधीच काय उरलंय? म्हणून आधी बांधावर शेवरी, सुबाभूळ, हादगा लावा, मग शेळ्या आणा. पाच-सहा शेळ्या अर्धबंदिस्त ठेवल्या तर लेंडीखतही हाती येतं. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाची) लस चुकवू नका, पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथरोगाचीही टोचून घ्या. कळपात पीपीआर शिरला की आठवड्यात दावण रिकामी होते.

एक इशारा खास आपल्या जिल्ह्यासाठी. कांद्याचा भाव पडला की सडका कांदा गुरांपुढे ओततात. जास्त कांद्याने गायीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लघवी लालसर होते, गाय दगावू शकते. शेळी तो थोडा जास्त पचवते, तरी पाटीभर टाकू नये. द्राक्षाच्या छाटणीचा पालाही फवारणीनंतर लगेच घालू नका.

कोंबड्यांचं गणित सोपं. आठ-दहा गावरान कोंबड्या उकिरड्यावरचे किडे आणि सांडलेलं धान्य टिपतात. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. मानमोडी (राणीखेत) रोगाची लस द्या, रात्री खुराडं घट्ट लावा. जनावर कुठलंही घ्या, या हव्यातच.

येवला-नांदगावकडे मी सहा शेळ्या आणि दहा कोंबड्या घेईन, गाय नाही. इगतपुरी-पेठकडे डांगीची जोडी आणि कोंबड्या. निफाड-दिंडोरीत पाटाचं पाणी असेल तर एकच संकरित गाय, दुसरी पहिलीची कालवड गाभण राहिल्यावर. आणि कुठेही असाल, पहिल्या दिवशी घरात ठरवा की रोज लिटरभर दूध किंवा चार अंडी विकायची नाहीत. सौदा होण्याआधी हे घरच्या बाईशी बोलून घ्या, कारण वैरण-पाणी बहुतेक तिच्याच हातून होणार आहे.