गूगल सर्च कन्सोल: फुकटातलं टूल, पण एसइओ पॅकेजपेक्षा कामाचं

सरळच सांगतो, छोटा धंदा असेल आणि त्याची स्वतःची वेबसाइट असेल तर एसइओच्या, म्हणजे साइट गूगलवर वर आणून देण्याच्या, नावाने कोणाच्या हातावर एक रुपया ठेवायच्या आधी गूगल सर्च कन्सोल उघडा, आपली साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचंच टूल. पूर्वी याला वेबमास्टर टूल्स म्हणायचे, २०१५ मध्ये नाव बदललं, त्यामुळे जुन्या व्हिडिओत ते नाव ऐकू आलं तर गोंधळू नका, हेच ते.

माझा मामेभाऊ आंजर्ल्याला होमस्टे चालवतो. चार खोल्या, घरचं जेवण, मागे नारळ-सुपारीची वाडी. साइट आता मी बघतो, पण आधी एका एसइओवाल्याने त्याला पॅकेज विकलं होतं, ‘पन्नास मेटा कीवर्ड, पहिल्या पानाची गॅरंटी’ असलं काहीतरी. पेजचा सोर्स, म्हणजे मागचा कोड, उघडून बघितला तर मेटा कीवर्डच्या टॅगमध्ये (सर्च इंजिनसाठी शब्द लिहायची कोडमधली जागा) ही लांबलचक माळ, बेस्ट होमस्टे, चीप होमस्टे, लक्झरी रिसॉर्ट, कोकण हॉटेल, आणि मधेच गोवा हॉटेल! रत्नागिरी जिल्ह्यातल्या होमस्टेला गोवा हॉटेल कशाला हवं ते त्यालाच माहीत. आणि पेजचं टायटल काय, तर ‘होम’. बस, एवढंच.

आता हा मेटा कीवर्डचा टॅग म्हणजे नव्वदच्या दशकातला मामला आहे, अल्टाव्हिस्टा, इन्फोसीक वगैरे सर्च इंजिनं होती तेव्हाचा. लोकांनी त्यात वाट्टेल ते कोंबायला सुरुवात केली, मग त्यावर भरवसा कोण ठेवणार. गूगलने तर २००९ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर सांगून टाकलं की वेब सर्चच्या रँकिंगसाठी आम्ही हा टॅग धरतच नाही. पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही हेही गूगलनेच लिहून ठेवलंय. तरी अजून हे पॅकेज विकलं जातं आणि लोक घेतातही, कारण यादी दिसते ना समोर, पन्नास शब्द म्हणजे पन्नास शब्द, पैसे वसूल वाटतात.

सर्च कन्सोलची खरी मजा परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये आहे. लोकांनी गूगलवर काय टाइप केलं तेव्हा आपलं पान दिसलं, किती वेळा दिसलं, किती जणांनी क्लिक केलं, सरासरी कितव्या नंबरवर होतं, सगळं मिळतं. आम्ही बघितलं तर लक्झरी, बेस्ट असले शब्द नावालासुद्धा नाहीत. लोक शोधतात काय, तर कड्यावरच्या गणपतीजवळ राहायची सोय, कासव महोत्सव, आंजर्ले घरगुती जेवण. बरेचसे रोमन लिपीतच टाइप करतात आणि आंजर्ल्याचं स्पेलिंग कोणी शेवटी ए लावून करतं तर कोणी ई लावून. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात त्या दिवसांत तर कासवांच्याच वेळास गावाला जाणारेसुद्धा आमच्या पानावर येऊन टेकतात. एवढं कळल्यावर भाऊ म्हणाला, “अरे मग कासवांबद्दल आपल्या साइटवर एक ओळसुद्धा का नाही?” बरोबर आहे की! गिऱ्हाईक काय विचारतंय ते त्याला फोनवर रोज ऐकू येत होतं, फक्त साइटवर उतरलं नव्हतं.

मग ‘होम’ काढून टायटलमध्ये गावाचं नाव, होमस्टे, घरगुती जेवण एवढंच साधं घातलं. कासवांसाठी वेगळं पान केलं, कसं पोचायचं, पहाटे किती वाजता निघायचं, मुलांना सोबत आणावं का. टायटल टॅगला रँकिंगमध्ये खरंच वजन आहे, आणि सर्चमध्ये निळ्या अक्षरांत दिसतं तेही बहुतेकदा तेच, अर्थात गूगलला पटलं नाही तर ते पानावरचं दुसरं काहीतरी उचलून लावतं. मेटा डिस्क्रिप्शनचं, म्हणजे सर्चमध्ये टायटलखाली येणाऱ्या वर्णनाचं, वेगळं आहे, त्याने नंबर वर जात नाही, पण माणूस क्लिक करेल की नाही हे त्यावर बरंच ठरतं. तिथे ‘निसर्गाच्या सान्निध्यात अविस्मरणीय अनुभव’ असलं लिहू नका हो, सगळेच लिहितात. खोल्या किती, मासे मिळतात का, गाडी लावायला जागा आहे का, हे लिहा. अक्षरं किती हा वादही फार ताणू नका, २०१७ च्या डिसेंबरात गूगलने ती जागा वाढवली आणि २०१८ च्या मेमध्ये परत कमी केली, मधल्या काळात ज्यांनी सगळी डिस्क्रिप्शनं लांब करून घेतली त्यांचं काय झालं असेल! महत्त्वाचं ते पहिल्या वाक्यात टाकायचं, झालं.

फरक पडला का? पडला, पण जादू नाही. नंबर थोडासाच हलला, क्लिक मात्र हळूहळू वाढले, आणि कासवांचं पान सीझनमध्ये चांगलं चाललं. वर्डप्रेसच्या (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) एसइओ प्लगइनमध्ये कीवर्ड पुरेसे झाले की तो हिरवा दिवा लागतो ना, तो प्लगइनचा दिवा आहे, गूगलचा नाही. त्यासाठी एकाच परिच्छेदात पाच वेळा ‘आंजर्ले होमस्टे’ लिहायची काही गरज नाही, वाचणाऱ्याला कंटाळा येतो.

यूआरएल इन्स्पेक्शन हे दुसरं आवडलेलं फीचर. पानाचा पत्ता टाकला की ते गूगलच्या इंडेक्समध्ये, म्हणजे शोधात दाखवायच्या पानांच्या साठ्यात, आहे की नाही आणि नसेल तर का नाही हे सांगतं. आमचं खोल्यांचं पान नोइंडेक्स टॅगमुळे बाहेर पडलेलं होतं, म्हणजे बनवणाऱ्यानेच गूगलला ‘हे घेऊ नको’ सांगून ठेवलं होतं आणि काढायचं विसरला. पन्नास कीवर्ड घातले आणि दार बंद! वर्डप्रेसवाल्यांनी रीडिंग सेटिंगमधली सर्च इंजिनला दूर ठेवायची टिक एकदा तपासाच, ती राहून गेली तर अख्खी साइटच अडकते.

आता कमी काय आहे. डेटा फक्त १६ महिन्यांचा राहतो, म्हणजे गेला मे आणि हा मे जेमतेम ताडून बघता येतो, म्हणून अधूनमधून शीटमध्ये उतरवून ठेवा. टेबलात १००० च्या वर ओळी दिसत नाहीत, आपल्यासारख्यांना तेवढ्या लागतही नाहीत म्हणा. फार कमी लोकांनी शोधलेले शब्द प्रायव्हसीसाठी लपवले जातात, आणि छोट्या साइटला हेच जास्त लागतं. सरासरी नंबरवर फार विसंबू नका, एकाला तिसरा आणि दुसऱ्याला चाळिसावा दिसला तरी आकडा साडेएकवीस येतो. पक्के आकडे यायला दोनतीन दिवस लागतात. आणि ज्या शब्दांना आपण अजून दिसतच नाही ते इथे कळणार नाहीत, त्यासाठी गूगल अॅड्सचा कीवर्ड प्लॅनर आहे, पण जाहिरात चालू नसेल तर तो महिन्याच्या शोधांचा ‘१०० ते १ हजार’ असा ढोबळ पट्टा दाखवतो. मॅपवरून थेट येणारे फोनही इथे मोजले जात नाहीत, ते गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमध्ये, म्हणजे मॅपवरच्या आपल्या धंद्याच्या नोंदीत, बघायचे, आणि होमस्टेला खरं गिऱ्हाईक तिथूनही बरंच येतं.

मराठी साइटवाल्यांसाठी एक, पानाचा पत्ता देवनागरीत ठेवला तर चालतो, पण कॉपी करून व्हॉट्सअॅपवर टाकला की एकेका अक्षराचे नऊनऊ होतात आणि टक्क्यांची रांग लागते. आम्ही पत्ता रोमनमध्ये आणि टायटल मराठीत ठेवलंय.

पाचपैकी साडेचार देईन. अर्धा त्या १६ महिन्यांसाठी कापला.

सुरू करताना मालक म्हणून स्वतःचाच जीमेल लावा, साइट बनवणाऱ्याला नंतर युजर म्हणून जोडता येतं. व्हेरिफिकेशनला, म्हणजे साइट आपलीच आहे हे गूगलला पटवायला, एक मेटा टॅग घालायचा पर्याय असतो (म्हणजे मेटा टॅग अगदीच निरुपयोगी नाहीत!), पण थीम बदलली आणि तो उडाला तर व्हेरिफिकेशनही जातं, त्यापेक्षा डोमेन जिथून घेतलं तिथे डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदींत) गूगलने दिलेला टीएक्सटी रेकॉर्ड टाका.