केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) की वाफ? गॅस साठवायला कार्बन करताय तर आधी हे बघा

गॅस साठवायला अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन (बारीक भोकांनी भरलेला कोळसा) करायचा म्हटलं की जो तो बीईटीचा आकडा, म्हणजे ग्रॅममागे आतला पृष्ठभाग किती, तेच बघतो, ग्रॅमला ३००० चौरस मीटर दिसलं की खूश, आणि गंडायला सुरुवात तिथूनच होते. कारण टाकी भरते लिटरमध्ये, ग्रॅममध्ये नाही.

दोन मुख्य रस्ते आहेत. वाफेचा (किंवा कार्बन डायऑक्साइडचा) म्हणजे चार (char, हवेशिवाय भाजून केलेला कोळसा) साधारण ८०० ते ९५० डिग्रीला तापवून त्यावरून वाफ सोडायची, ती कार्बन खात खात भोकं पाडते. केमिकल नाही, धुणं नाही, बाहेर काढला की माल तयार. पण भोकं वाढवायची तर माल जळतो, आणि जास्त ओढलंत तर भोकांमधल्या भिंतीच जातात, हातात राख उरते. साधारण १००० ते १५०० चौरस मीटरपर्यंत आरामात जाता येतं, त्यापुढे फार कार्बन गमवावा लागतो.

केओएचचं गणित वेगळं. त्या कोळशाच्या दुप्पट ते चौपट वजनाचं केओएच मिसळून नायट्रोजनमध्ये ७०० ते ८५० डिग्री. त्यात केओएचचं कार्बोनेट होतं, हायड्रोजन निघतो, आणि धातूरूप पोटॅशियम तयार होऊन कार्बनच्या थरांमध्ये घुसतं, थर फाकतात, म्हणून ३००० च्या आसपास जाता येतं. आता त्रास ऐका. पोटॅशियम साधारण ७६० डिग्रीला उकळतं, त्याची वाफ भट्टीच्या नळीच्या गार टोकाला जाऊन बसते. मी एकदा घाईत नळी उघडली, टोकाला चंदेरी-करडा थर दिसत होता, ओल्या टिश्यूने पुसायला गेलो तर चट्चट् करून ठिणग्याच, तेव्हापासून पूर्ण गार झाल्यावर आधी ओलसर नायट्रोजन बराच वेळ सोडतो, एक्झॉस्ट फ्यूमहूडमध्ये (धूर ओढून घेणारं कपाट), आणि मगच उघडतो. क्वार्ट्झ आणि अ‍ॅल्युमिनाला पण केओएच खातं, माल ठेवायची बोट (लांबट ट्रे) निकेलची घ्या. वर अ‍ॅसिडने धुणं, मग गरम पाण्याने पाणी न्यूट्रल येईपर्यंत, यात अख्खा दिवस जातो हो.

फॉस्फोरिक अ‍ॅसिडचा तिसरा रस्ता पण आहे, ४००-५०० डिग्रीत काम होतं, पण भोकं बरीचशी मोठी येतात, गॅस साठवायला मला तो फारसा पटत नाही.

आता लिटरचं गणित. समजा केओएचवाला ग्रॅममागे ०.२ ग्रॅम मिथेन धरतो पण भुगा इतका हलका की घनता ०.३ (मिलीलिटरमागे ग्रॅम), म्हणजे लिटरमागे ६० ग्रॅम. वाफेवाला धरतो ०.१२ च, पण घनता ०.६, म्हणजे ७२. हरला की नाही मोठ्या आकड्यावाला? (आकडे समजावायला घेतलेत, तुमचे तुम्ही मोजा.) केओएचवाला दाबून गोळी केली तर घनता वाढते, पण बाइंडर (गोळी धरून ठेवणारा चिकट पदार्थ) थोडी भोकं बुजवतो, तेही धरा.

शिवाय गॅस कोणता ते बघा. मिथेन साधारण ३५ बारला ठेवायचा तर १ नॅनोमीटरच्या आसपासची भोकं लागतात, तिथे केओएच चांगलं, फक्त चौपटीच्या मागे लागू नका. कार्बन डायऑक्साइड साध्या दाबाला पकडायचा असेल तर ०.८ नॅनोमीटरच्या खालची बारीक भोकं महत्त्वाची, तिथे दुप्पट केओएच आणि जरा कमी तापमान, जास्त केलंत की भोकं मोठी होऊन पकड उलट कमी होते. हायड्रोजनला सरफेस एरियाच लागतो, ग्रॅमच्या दर ५०० चौरस मीटरमागे वजनाच्या साधारण १ टक्का, पण तो ७७ केल्विनला (उणे १९६ डिग्री), रूम टेम्परेचरला १०० बारलासुद्धा टक्काभर जमत नाही.

त्यामुळे पहिल्यांदाच करत असाल, ग्लोव्हबॉक्स (हवाबंद पेटी, आत हातमोज्यांतून काम करायची) किंवा धड फ्यूमहूड नसेल, किंवा किलोभर माल हवा असेल, तर वाफेनेच करा, बिनधास्त. केओएच तेव्हाच घ्या जेव्हा टाकीचं वजन हाच प्रश्न आहे, जागा नाही. आणि विकतचा माल घेत असाल तर बीईटीच्या आकड्याशेजारी पॅकिंग डेन्सिटी (लिटरमध्ये किती ग्रॅम मावतो) मागा, बरेच जण देतच नाहीत.