पन्हाळा, शाहूकाळ की वळिवडे? पोरांना कुठली ऐतिहासिक गोष्ट द्यावी

नऊ ते तेरा वर्षांच्या पोरासाठी ऐतिहासिक कादंबरी घ्यायची म्हटलं, की कोल्हापुरात हात आपोआप शिवकाळाच्या फळीकडे जातो. त्यात वावगं काही नाही. पण "जरा धाडस शिकेल" म्हणून पुस्तक घेणार असाल, तर कुणाचं धाडस वाचायला द्यायचं हे आधी ठरवा. हातात समशेर असलेल्याचं, की हातात काहीच नसलेल्याचं? आमच्या वाचनकट्ट्यावर पालक विचारतात तेव्हा मी तीन काळ पुढं ठेवते: १६६० चा पन्हाळा, शाहू महाराजांचं कोल्हापूर आणि दुसऱ्या महायुद्धातलं वळिवडे. तिन्हींवर रचलेल्या गोष्टी पोरांना मानवतात, पण एकाच पोराला तिन्ही मानवतील असं नाही.

आधी पन्हाळा. विजापूरच्या आदिलशहाचा सेनापती सिद्दी जौहर याचा वेढा मार्चपासून, धान्य संपत आलेलं, वर आषाढातला पाऊस. राजापूरचे इंग्रज वखारवाले स्वतःच्या तोफा आणि निशाण घेऊन सिद्दीच्या मदतीला आलेले. शरणागतीची बोलणी सुरू होतात, वेढा जरा सैल पडतो आणि जुलैतल्या त्या रात्री शिवाजी महाराज सुमारे ६०० मावळ्यांनिशी राजदिंडी या वाटेनं गडाबाहेर पडतात. पुढं मसाई पठार, घोडखिंड (आजची पावनखिंड), बाजीप्रभू, विशाळगड. गोष्ट म्हणून याला तोड नाही. एका रात्रीत आणि एका दिवसात सगळं घडतं, रस्ता ठरलेला, पाठलाग चालू. वाचनाचा कंटाळा असलेलं पोरगंसुद्धा पानं उलटत जातं.

तरी या काळावरची पुस्तकं निवडताना मी सगळ्यात जास्त कटकट करते. बऱ्याच गोष्टींत माणसं पहिल्या पानापासून शूर असतात. ती घाबरत नाहीत, त्यांना भूक लागत नाही, पाय घसरत नाही. बाजीप्रभू खिंडीत उभे राहिले आणि तोफांचे आवाज झाले. हे आवाज कुणी तीन सांगतं, कुणी पाच. पोरं टाळ्या वाजवतात आणि पुस्तक मिटतात. यातून अभिमान भरपूर मिळतो, पण उद्या शाळेत चारजण मिळून एकाला त्रास देत असतील तर आपण काय करायचं, याचा धागा पोराच्या हाती लागत नाही.

म्हणून याच रात्रीची गोष्ट द्यायची असेल तर शिवा काशीदभोवती रचलेली शोधा. गडाच्या पायथ्याच्या नेबापूरचा नाभिक. चेहरेपट्टी महाराजांसारखी. दुसऱ्या पालखीत तो महाराजांच्या वेषात बसला, पकडला गेला, ओळख पटली आणि मारला गेला. त्याला पालखीत बसण्याआधी माहीत होतं की आपण परत येणार नाही. चांगला लेखक इथं थांबतो. अंगावर चढवलेला तो अंगरखा, पालखीबाहेर पावसाचा आवाज, भोयांची धावपळ, आणि आत एक माणूस, ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांची हजामत केली आणि आज त्याला राजासारखं बसायचंय. आमच्याकडं हा भाग मोठ्यानं वाचला तेव्हा एका पोरीनं विचारलं, "मग त्यानं पळून जायचं की, कुणाला कळणार होतं?" पुढचा अर्धा तास पुस्तक बाजूलाच राहिलं. असा प्रश्न पोरांच्या तोंडून काढणारं पुस्तक घ्या.

आणखी एक बघून घ्या: शत्रू कसा रंगवलाय. सिद्दी जौहर हा कसलेला सेनापती होता, म्हणून तर त्याच्या हातून निसटणं ही मोठी गोष्ट ठरली. त्याला नुसता गडगडाटी हसणारा राक्षस केलेलं पुस्तक मी सरळ परत ठेवते.

पन्हाळ्याचा मोठा फायदा म्हणजे जागा हाताशी आहे. एसटीनं तासाभरात पोचता. राजदिंडी, अंधारबाव, अंबरखाना दाखवता येतात. अंबरखान्याची ती धान्याची प्रचंड कोठारं बघितल्यावर वेढा म्हणजे काय हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पोरगं ट्रेकवालं असेल तर जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहिमा निघतातच. गोष्ट वाचून मग तो चिखल तुडवण्यात मजा आहे.

घरात मुलगी असेल आणि "सगळे शूर पुरुषच का?" असा तिचा सवाल असेल, तर ताराराणीवरची गोष्ट बघा. १७०० साली त्यांचे पती राजाराम महाराज गेले तेव्हा ताराराणी पंचविशीच्या आसपास होत्या, आणि समोर औरंगजेब. पुढची सात वर्षं त्यांनी लढाई चालू ठेवली. काळ गुंतागुंतीचा आहे, गादीचे तंटे आहेत, त्यामुळं अकरा-बारा वर्षांच्या आधी देऊ नका. कावळा नाक्यावरचा पुतळा रोज बघणाऱ्या पोरींनाही त्या घोड्यावरच्या बाईनं नेमकं काय केलं हे बहुतेकदा ठाऊक नसतं.

दुसरा काळ शाहू महाराजांचा. इथं तलवार नाही, पाठलाग नाही, म्हणून पालक नाक मुरडतात. १८९६-९७ चा दुष्काळ, मागोमाग प्लेग, गाव सोडून माळावर झोपड्या टाकून राहिलेली माणसं. कोविडच्या आठवणी ज्या घरात अजून ताज्या आहेत तिथं हे लगेच भिडतं. पण माझा कल गंगाराम कांबळे यांच्या गोष्टीकडं आहे. हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून मार खाल्लेला माणूस. पुढं महाराजांच्या आधारानं भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढतो. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? महाराज स्वतः गाडी थांबवून चहा घेतात, सोबतच्या मानकऱ्यांनाही घ्यायला लावतात.

ही गोष्ट नीट लिहिलेली असेल तर धाडस तीन ठिकाणी दिसतं. राजाचं दिसतंच. कपबशी मांडून गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेल्या गंगारामचं त्याहून मोठं. आणि तिसरं त्या मानकऱ्याचं, ज्याच्या हातात कप आलाय आणि घरी गेल्यावर काय ऐकावं लागेल हे त्याला माहीत आहे. वाईट लिहिलेली असेल तर सगळं पुण्य महाराजांच्या खात्यावर जमा होतं आणि गंगाराम फक्त हात जोडून उभा राहतो. दुकानात उभ्या उभ्या दोन पानं चाळली तरी हा फरक कळतो: गंगाराम किती बोलतो ते बघा. वर्गात वाचून दाखवायला तिन्हींत हीच गोष्ट उत्तम, कारण छोटी आहे आणि त्यावर पोरं भांडतात. एकट्यानं वाचायला मात्र चळवळ्या पोराला संथ वाटेल.

बेचाळीसच्या चळवळीच्या गोष्टींना मी वेगळी जागा देत नाही. गारगोटीच्या कचेरीवरचा हल्ला किंवा भागीरथीबाई तांबट आणि त्यांच्या सोबतिणीनं इंग्रज गव्हर्नर विल्सनचा पुतळा विद्रूप केला तो प्रसंग, हे थरारक आहेत, पण संस्थान, प्रजा परिषद, इंग्रज हे तिहेरी गणित लहानांना जड जातं. आठवीच्या पुढं द्या.

आता वळिवडे. हे नाव घेतलं की निम्मे पालक "तिथं काय घडलं?" असं विचारतात. १९४० मध्ये सोव्हिएत सैन्यानं पूर्व पोलंडमधून हजारो कुटुंबं ऐन थंडीत मालगाड्यांत कोंबून सायबेरियाकडं पाठवली. पुढं त्यातली काही इराणमार्गे बाहेर पडली आणि १९४३ पासून सुमारे ५,००० पोलिश माणसं, बहुतेक बाया आणि मुलं, कोल्हापूरजवळच्या आपल्या वळिवड्याच्या छावणीत राहिली. शाळा होत्या, चर्च होतं, स्काउट होते, दुकानं होती. १९४८ च्या सुमारास छावणी रिकामी झाली. त्याच जागेवर फाळणीत घरदार सुटलेली सिंधी कुटुंबं आली आणि आजचं गांधीनगर उभं राहिलं. लग्नाचा बस्ता बांधायला आपण जिथं जातो, तिथं बर्फातून आलेली पोरं उन्हाळा काढत होती.

युद्धाच्या भाषांतरित गोष्टी बाजारात बऱ्याच मिळतात. त्यातली नावं, गावं, बर्फ हे सगळं आपल्या पोरांना लांबचं वाटतं. वळिवड्याची गोष्ट तेच युद्ध मिरज-कोल्हापूर रेल्वेच्या एका स्टेशनावर आणून उतरवते. शिवाय नायक मूल असतं. त्याला लढायचं नसतं. धाकट्या भावाला सांभाळायचं, आईला आजारपणात पाणी द्यायचं, भाषा येत नाही तिथं बाजारात जायचं, वडील जिवंत आहेत का हे माहीत नसताना शाळेचा अभ्यास करायचा. आंबेवाडी-चिखलीकडच्या ज्या पोरांनी २०१९ च्या महापुरात बोटीतून घर सोडलं, त्यांना यातलं फार काही समजावावं लागत नाही.

तोटे सांगायलाच हवेत. उपासमार आणि वाटेतले मृत्यू टाळून ही गोष्ट लिहिता येत नाही, त्यामुळं हळव्या पोराला दहाच्या आत देऊ नका, आणि पहिल्यांदा सोबत बसून वाचा. दुसरं, काही लेखक इथं कोल्हापूरकरांच्या पाहुणचाराचंच कौतुक करत बसतात आणि पोलिश पोर मागं पडतं. तसं असेल तर सोडा. बघायला महावीर उद्यानातला स्मृतिस्तंभ आहे, पण पन्हाळ्यासारखं अंगावर येणारं काही नाही.

कुठलाही काळ निवडा, शेवटची दोन पानं आधी उघडा. यातलं खरं किती आणि कल्पनेतलं किती हे लेखकानं तिथं सांगितलंय का? इतिहासाच्या पुस्तकात ही लबाडी फार चालते: कल्पित संवाद पोरं खरे म्हणून पाठ करतात आणि वक्तृत्व स्पर्धेत ठोकून देतात. टीप असेल तर पन्नास रुपये जास्त गेले तरी ते पुस्तक घ्या.

एकच पुस्तक घ्यायचं झालं तर न वाचणाऱ्या नऊ वर्षांच्या पोराला मी शिवा काशीद देईन, वर्गाला गंगाराम कांबळे, आणि अकरा-बारा वर्षांच्या वाचणाऱ्या पोराला डोळे झाकून वळिवडे. भावंडं दोन असतील तर थोरल्याचं पुस्तक धाकट्याच्या हाती लागणारच, तेव्हा घेताना धाकट्याचं वय धरा.