‘व्हाइट झॉम्बी’ (१९३२): चावणारे नव्हे, राबणारे मुडदे

‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) नंतरच्या झॉम्बीपटांवर पोसलेल्या प्रेक्षकाला हा चित्रपट आधी बेचवच लागेल. इथे कुणी चावत नाही, लागण होत नाही, शहरावर झुंडी चालून येत नाहीत. मुडदे हुकमाचे ताबेदार आहेत, त्यामुळे खरी भीती आहे ती मालकाची. गोष्ट हैतीची, आणि अमेरिकेने हैती ताब्यात ठेवला होता (१९१५-३४) त्याच काळात पडद्यावर आलेली.

दिग्दर्शक व्हिक्टर हॅल्परिन खेळाचे नियम किती झटपट सांगतो ते बघा. भर रस्त्यात दफन चालल्यामुळे घोडागाडी अडते. रहदारीच्या वाटेवरून प्रेत चोरीला जात नाही, म्हणून इथे पुरतात, असं गाडीवान सांगतो. प्रेतं चोरीला जातात, हे एवढ्यात कळलं! पाठोपाठ मुडद्यांचा मालक लेजांद्र (बेला लुगोसी) गाडीशी येतो आणि नायिकेचा स्कार्फ त्याच्या हातात राहतो. पुढे मेणबत्तीतून बाहुली कोरायची, तिला तोच स्कार्फ गुंडाळायचा, ज्योतीवर धरायचं. करणीचं हे गणित मराठी प्रेक्षकाला वेगळं समजवायला नको. मात्र नायिकेला फुलातून विषही दिलेलं असतं; जादू की औषध, हे पटकथा मुद्दाम लोंबकळत ठेवते.

सगळ्यात जबर प्रसंग साखर कारखान्यातला. संगीत नाही, नुसती चरकाची करकर. उसाच्या टोपल्या वाहणाऱ्यांतला एक जण तोल जाऊन चरकात पडतो. ना रांग थांबते, ना चरक. मजुरांना कामाचे तास जास्त झाले तरी तक्रार नसते, असं लेजांद्र वर ऐकवतो. शेवटी मालक बेशुद्ध पडताच मुडदे सरळ कड्यावरून चालत जातात, तेही याच नियमाने.

मधला भाग मात्र रेंगाळतो. जॉन हॅरनचा नायक पुळचट आहे, अभिनयातून मूकपटाची सवय सुटलेली नाही, आणि नायकाला मदत करणाऱ्या धर्मोपदेशक डॉ. ब्रूनरचा काडेपेटी मागण्याचा विनोद अगदी शेवटपर्यंत पिच्छा पुरवतो. तिरप्या रेषेने पडदा दुभागून नायक-नायिकेला एकत्र दाखवलंय, तेवढं चुकवू नका.

अमेरिकेत स्वामित्वहक्क खुले असल्याने इंटरनेटवर प्रती ढिगाने आहेत, बहुतेक भिकार. कारखान्याचा प्रसंग लावून तपासा: काळोखात चेहरे वेगळे दिसले पाहिजेत आणि चरकाची करकर प्रतीतल्या खरखरीत बुडता कामा नये. फार ‘स्वच्छ’ केलेली प्रतही टाळा. तिच्यात जिवंत माणसंही मेणाची दिसतात.