ईबेवर शून्य फीडबॅक असताना आधी काय टाकायचं, तानपुरा की तारा-नख्या?

ईबेवर, म्हणजे जगभर वस्तू विकता येणाऱ्या वेबसाईटवर, नवीन खातं काढलं की नावापुढं कंसात शून्य दिसतं, म्हणजे अजून एकाही गिऱ्हाइकाचा फीडबॅक (अभिप्राय) नाही, आणि घेणारा माणूस जर्मनीत नाहीतर अमेरिकेत बसलेला, त्याला मिरज कुठं आहे हे पण माहीत नसतं, तो ते शून्य बघतो आणि पुढच्या विक्रेत्याकडं जातो. तुमच्या घरात चार पिढ्या वाद्यं बनत असतील, मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन मिळालंय हे पण खरं, पण त्याला स्क्रीनवर फक्त शून्य दिसतंय. आपल्याकडच्या बऱ्याच पोरांना हे काम सुरू करायचंय म्हणून यातले रस्ते शेजारी शेजारी ठेवून बघू.

पहिला रस्ता म्हणजे थेट तानपुरा लिलावात टाकायचा, तो पण अगदी कमी किमतीपासून, म्हणजे लोक बोली लावत वर नेतील. हे ऐकायला बरं वाटतं पण नवीन माणसाच्या लिलावात बोली लावायलाच कुणी येत नाही, एखादाच येतो आणि सुरुवातीच्या किमतीलाच वस्तू घेऊन जातो, आणि लिलाव संपला की त्या किमतीला ती द्यावीच लागते. मग कुणीतरी सल्ला देतं की भावाला नाहीतर मित्राला बोली लावायला सांग. हे अजिबात करू नका, ईबेच्या नियमात ते बंद आहे, सापडलं की खातं जाऊ शकतं. शिवाय तानपुरा म्हणजे भोपळा, वाटेत आपटला तर चीर जाते, दांडी सांध्यात हलते. घेणाऱ्यानं 'सांगितल्यासारखी वस्तू नाही' अशी केस टाकली तर तुम्ही 'परत घेणार नाही' लिहिलेलं असलं तरी चालत नाही, साधारण ३० दिवसांच्या आत त्याला पैसे परत मागता येतात आणि परतीचं भाडं पण तुमच्यावर येतं. एवढं मोठं खोकं अमेरिकेतून मिरजेला परत आणायचं भाडं काढून बघा एकदा, मग कळेल मी का घाबरवतोय.

दुसरा रस्ता हळू आहे पण मला तोच पटतो. आधी छोट्या वस्तू विकायच्या, आणि त्या तुमच्याच धंद्यातल्या हव्यात: सतार छेडायच्या नख्या, तारांचे संच, खुंट्या, मणी, जवारीत (घोडीवर तार टेकते तिथं) घालायचा दोरा. काहीजण फीडबॅक गोळा करायचा म्हणून मोबाईलची कव्हरं नाहीतर चाव्यांच्या कीचेन विकतात, आकडा वाढतो खरा, पण उद्या तानपुरा घेणारा जेव्हा तुमचे जुने अभिप्राय उघडून वाचतो तेव्हा त्याला कीचेन दिसते, वाद्यातलं तुम्हाला काही कळतं का हे कळत नाही. याउलट 'तारा नीट गुंडाळून आल्या, गेज (तारेची जाडी) सांगितल्याप्रमाणेच होता' असं दहा वादकांनी लिहिलेलं असलं तर तेच लोक तुमच्या तानपुऱ्याचं पहिलं गिऱ्हाईक होतात. दहा अभिप्राय झाले की नावापुढं पिवळी चांदणी मिळते. स्वतः खरेदी करून आकडा वाढवायचा हा एक जुना उपाय, तो चुकीचा नाही, पण विक्रेता म्हणून मिळालेले अभिप्राय वेगळे काढून बघता येतात, त्यामुळं जाणता माणूस त्याला भुलत नाही.

यातली एक अडचण आधीच सांगतो. थोडेच अभिप्राय असताना एक वाईट आला तर फार लागतं, पाचातला एक निगेटिव्ह म्हणजे चांगल्या अभिप्रायांचा टक्का ८० वर येतो. आणि २००८ पासून विक्रेत्याला घेणाऱ्याला निगेटिव्ह देता येत नाही, म्हणजे भांडून काही मिळत नाही. तार चुकीची गेली असेल तर लगेच दुसरी पाठवा, पहिली परत मागू नका, त्या तारेच्या किमतीपेक्षा तुमचं नाव महाग आहे. नवीन खात्याला महिन्याला किती वस्तू टाकायच्या याची मर्यादा असते आणि सुरुवातीचे पैसे ते काही दिवस अडवून ठेवतात, तेवढं भांडवल हाताशी ठेवूनच उतरा.

तिसरा रस्ता, ज्याचं खातं जुनं आणि चांगलं आहे अशा ओळखीच्या माणसाकडून विकायचं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद अडत्याच्या नावावर विकते तसंच हे, घेणारा शेतकऱ्याला ओळखत नसतो, अडत्याला ओळखतो. पहिलाच तानपुरा लवकर विकायचा असेल, घरात पैशाची नड असेल तर हाच बरा. पण अभिप्राय त्याच्या खात्यावर जमा होतो, तुमचं शून्य शून्यच राहतं, आणि त्याचं कमिशन प्रत्येक वेळी जातं. दोन-तीन नग असे विकून तेवढ्या वेळात स्वतःच्या खात्यावर तारा विकत राहिलात तर दोन्ही साधतं.

कुठलाही रस्ता घ्या, पण घेणारा वस्तू हातात घेऊन बघू शकत नाही हे लक्षात ठेवून फोटो काढा. भोपळ्याची मागची बाजू, सांधा, पॉलिशला गेलेला एखादा ओरखडा जवळून दाखवा, सरळ लिहा की हा ओरखडा आहे. शून्यवाल्या माणसानं दोष आधीच सांगितला की समोरच्याला बाकीचं पण खरं वाटायला लागतं. तारा छेडून जवारी कशी बोलते त्याचा व्हिडिओ लावा, आणि प्रश्न रात्री येतात, अमेरिकेतली रविवारची संध्याकाळ म्हणजे आपली सोमवारची पहाट, तर उठल्या उठल्या उत्तर द्या. पाठवताना ट्रॅकिंग नसलेलं पार्सल करू नका, 'पोचलं नाही' म्हटलं की तुमच्याकडं दाखवायला काहीच राहत नाही. आयईसी नंबर (आयात-निर्यातीचा कोड) डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या परकीय व्यापार खात्याच्या, साईटवर पॅनवर निघतो, ५०० रुपये फी आहे, तो आधीच काढून ठेवा. अमेरिकेनं २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची कराची सूट काढली, तेव्हा तिथं कर लागू शकतो हे लिस्टिंगमध्येच (वस्तूच्या जाहिरातीत) लिहा, नाहीतर तो राग तुमच्या अभिप्रायात उतरतो.

साताऱ्याकडचे काही जण घरातली शिवराई नाणी टाकायची म्हणतात. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं, ते देशाबाहेर पाठवता येत नाही, तिकडं जाऊच नका. हळद-बेदाण्यानं पण सुरुवात करू नका, खाण्याच्या मालाला प्रत्येक देशाचे वेगळे नियम आहेत.

आणि तानपुऱ्याची वेळ येईल तेव्हा लिलाव सोडा, ठरलेली किंमत लावून 'बेस्ट ऑफर' (घेणारा आपली किंमत सुचवतो ती सोय) चालू ठेवा. बाहेरचे दोन-चार वादक तुमच्या घरची वाद्यं आधीपासून वाजवत असतील तर मात्र तारा-नख्यांत वेळ घालवायची गरज नाही, त्यांना लिंक पाठवा आणि थेट तानपुराच टाका.