लंडन की व्हिसलर? ऑसी पोरांचा नेहमीचा घोळ

ऑस्ट्रेलियन पासपोर्टवाल्या विशी-तिशीतल्या पोरांना बाहेर राहून काम करायचं म्हटलं की दोन नावं हमखास निघतात, लंडन नाहीतर कॅनडातलं स्कीइंगचं गाव व्हिसलर. वयाची अट दोन्हीकडे ३५ पर्यंत.

यूकेचा युथ मोबिलिटी व्हिसा २०२४ पासून ऑस्ट्रेलियन्सना ३ वर्षांपर्यंत मिळतो, आणि शिक्षक, नर्स, अकाउंटंट असाल तर आपल्या फील्डमधलं काम मिळायची शक्यता इथेच जास्त, पण खिसा आधीच रिकामा होतो कारण २,५३० पाउंड खात्यात दाखवायचे, फी वेगळी आणि एनएचएससाठीचा (तिथली सरकारी आरोग्यसेवा) हेल्थ सरचार्ज व्हिसा जेवढ्या मुदतीचा तेवढा एकरकमी आधीच भरायचा. वर रूमचं भाडं, आणि नोव्हेंबरात दुपारी चार-सव्वाचारलाच अंधार! तरी शुक्रवारी ऑफिस सुटलं की थेट लिस्बनचं विमान पकडता येतं ही मजा सिडनीत कुठली. (शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसा क्षेत्राचा, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहण्याचा नियम मात्र लिस्बनलाही लागू हं.)

कॅनडाचा वर्किंग हॉलिडे (फिरता फिरता काम करायची परवानगी) २ वर्षांपर्यंत, खात्यात दाखवायला २,५०० कॅनडियन डॉलर पुरतात. फक्त इन्शुरन्स पूर्ण मुदतीचा काढा, सहा महिन्यांचा दाखवलात तर परमिटही तेवढंच हातात पडू शकतं. काम म्हणजे लिफ्ट चालवणं, हॉटेलातली साफसफाई. राहायला जागा मिळताना नाकी नऊ येतात, म्हणून स्टाफ हाउसिंग देणारीच नोकरी धरा.

करिअरचा विचार असेल तर माझं मत डोळे झाकून लंडनला. नुसतं स्कीइंग करायचंय? मग व्हिसलरच, आणि आईबाबांना ‘गॅप इयर’ सांगा, विशेषतः मराठी असतील तर.