जुने गेम विंडोज ११ वर: डॉसबॉक्स, रॅपर, व्हर्च्युअल मशीन की सरळ जुना पीसी?

माळ्यावरचं सीडींचं पाऊच खाली काढलं की पहिली अडचण गेमची नसतेच. नव्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नसते. यूएसबीवर चालणारा डीव्हीडी रायटर घ्यावा लागतो. राजारामपुरी किंवा शाहूपुरीतल्या काँप्युटर दुकानांत विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा. कोल्हापूरचा पावसाळा खाल्लेल्या सीडीवर बुरशीचे ठिपके असतील तर कोमट पाणी आणि सौम्य साबणानं धुवा. मऊ कापडानं मधून कडेकडे पुसा, गोल गोल नको. सीडीवरचा माग गोल जातो, त्यामुळे गोल ओरखडा सलग डेटा खातो आणि आडवा ओरखडा त्यातून बऱ्याचदा सुटतो.

सीडी वाचली गेली की लगेच तिची इमेज, म्हणजे फाइलरूपातली पूर्ण नक्कल काढून ठेवा, आणि ती आयएसओ प्रकारची नको, बिन-क्यू (बिन आणि क्यू अशा फाइलींची जोडी) हवी. त्या काळच्या कित्येक गेमचं संगीत सीडीवर ऑडिओ ट्रॅक म्हणून असायचं. आयएसओमध्ये ते येत नाही. मग गेम चालतो पण मुका.

गेम अडतो कुठे?

'कोणतं सॉफ्टवेअर चांगलं' हा प्रश्न इथे उलटा आहे. आधी गेम कुठे अडतो ते बघायचं. अडायच्या जागा तीन-चारच आहेत.

डबल-क्लिक केल्यावर 'हे ॲप या पीसीवर चालणार नाही' असं आलं तर फाइल बहुधा १६ बिटची आहे. ६४ बिट विंडोजमध्ये १६ बिट प्रोग्राम चालवणारा भागच नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. खात्रीसाठी ईएक्सई फाइल नोटपॅडमध्ये उघडा. सगळ्यांची सुरुवात 'एमझेड' या दोन रोमन अक्षरांनी होते. पुढच्या काही ओळींत 'पीई' दिसलं तर ३२ बिट, 'एनई' दिसलं तर १६ बिटचा विंडोज प्रोग्राम, दोन्ही नसेल तर बहुतेक डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीचा. इथे एक फसगत होते: कित्येक विंडोज ९५ च्या गेममध्ये गेम ३२ बिटचा आणि सेटअप मात्र १६ बिटचा असतो. सेटअप चालला नाही म्हणून गेमच बाद समजू नका.

गेम लागतो पण पडदा काळा, रंग भलतेच किंवा चित्र चिरल्यासारखं, असं असेल तर अडचण ग्राफिक्सची. आणि मूळ सीडी आत असूनही 'सीडी टाका' म्हणत असेल तर ते कॉपी-संरक्षण. त्यातलं एक नेहमीचं म्हणजे सेफडिस्क. त्याचा ड्रायव्हर विंडोज १० पासून चालतच नाही. व्हिस्टा ते ८.१ या विंडोजमध्येही मायक्रोसॉफ्टनं तो सप्टेंबर २०१५ च्या सुरक्षा अपडेटनं बंद केला, कारण त्या ड्रायव्हरमधून मशीनचा पूर्ण ताबा घेता येत होता. तो परत चालू करायचे उद्योग करू नका.

डॉसचा गेम असेल तर डॉसबॉक्स

'प्रिन्स ऑफ पर्शिया' किंवा 'डेंजरस डेव्ह' खेळायचा असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही. विंडोजमध्येच डॉसच्या काळचा पीसी उभा करणारा डॉसबॉक्स हा प्रोग्राम घ्या. मूळ डॉसबॉक्सची ०.७४-३ ही आवृत्ती २०१९ ची आहे. नव्यानं सुरुवात करणाऱ्याला त्यावर बेतलेलं डॉसबॉक्स स्टेजिंग जास्त सोपं जातं.

गेमचं फोल्डर सी ड्राइव्हवर साध्या, छोट्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. डॉसला आठ अक्षरांपुढची नावं झेपत नाहीत. 'माउंट' आज्ञेनं ते फोल्डर जोडा, सीडी लागत असेल तर क्यू फाइल 'आयएमजीमाउंट' (imgmount) नं डी म्हणून जोडा. वेगाचा घोळ नेहमीचा: मूळ डॉसबॉक्स साध्या गेमना आपोआप ३००० सायकल (नकली प्रोसेसरच्या वेगाचं माप) देतं. गेम रांगत असेल तर कंट्रोल-एफ१२ नं वाढवा, पळत सुटला तर कंट्रोल-एफ११ नं कमी करा. आवाज तुटू लागला की समजा, सायकल लॅपटॉपच्या आवाक्याबाहेर गेल्या. माउस खिडकीत अडकला तर कंट्रोल-एफ१०.

टर्बो पास्कलमध्ये लिहिलेल्या काही प्रोग्राममध्ये 'रनटाइम एरर २००' येते. त्यात फाइल खराब नसते. सुरुवातीला प्रोग्राम प्रोसेसरचा वेग मोजतो, यंत्र फार वेगवान निघालं की भागाकाराचं उत्तर जागेत मावत नाही आणि तो कोसळतो. सायकल कमी केल्या की चालतो.

विंडोज ९५ ते एक्सपीचे गेम: इथे खरी निवड

'एज ऑफ एम्पायर्स' (१९९७), 'मिडटाउन मॅडनेस' (१९९९), 'व्हाईस सिटी' (पीसीवर २००३) हा तो काळ. नेट कॅफेत तासावर पैसे देऊन खेळलेले बहुतेक गेम यातच येतात.

पहिला पर्याय: गेम विंडोज ११ वरच ठेवायचा आणि त्याच्याभोवती ठिगळं लावायची. गेम 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये टाकू नका. जुने गेम सेव्ह फाइल स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहितात, विंडोज त्या गुपचूप व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये वळवतं, आणि मग सेव्ह गेला म्हणून बोंबाबोंब. सीवर 'गेम्स' नावाचं वेगळं फोल्डर करा. गेमनं डायरेक्टप्ले (विंडोजचा एक जुना भाग) मागितलं तर कंट्रोल पॅनेलमधल्या विंडोज फीचर्समध्ये 'लेगसी कंपोनंट्स'खाली ते चालू करा. सेटअप म्हणालं 'डिस्कवर जागा नाही' आणि समोर ४०० जीबी रिकामे दिसतायत, तर सेटअपचं गणित ३२ बिटात उलटलंय. डिस्क मॅनेजमेंटमधून दीड जीबीची व्हीएचडी, म्हणजे फाइलमधली छोटी नकली डिस्क बनवून त्यात इन्स्टॉल करा.

चित्राची अडचण असेल तर रॅपर, म्हणजे गेमच्या जुन्या ग्राफिक्स आज्ञा नव्या विंडोजला समजतील अशा करून देणाऱ्या फाइल. टूडी गेमला सीएनसी-डीड्रॉ, थ्रीडीला डीजीव्हूडू २. डीजीव्हूडूच्या 'एमएस' फोल्डरमधल्या 'एक्स८६' मधल्या डीएलएल फाइल गेमच्या ईएक्सईशेजारी ठेवायच्या. गेम ३डीएफएक्सच्या जुन्या ग्राफिक्स कार्डांसाठीच्या ग्लाइडवर असेल तर '३डीएफएक्स' फोल्डरमधल्या. डीजीव्हूडूच्याच कंट्रोल पॅनेलमध्ये 'कीप ॲस्पेक्ट रेशो' निवडा, नाहीतर ४:३ चा गेम रुंद पडद्यावर पसरून सगळी माणसं बुटकी दिसतात. वॉटरमार्कची टिकही तिथेच काढा. अँटीव्हायरस कधी कधी उगाच ओरडतो, म्हणून फाइल मूळ जागेवरूनच घ्या.

'व्हाईस सिटी'त गाड्या आणि माणसं विचित्र वागू लागली तर आधी फ्रेम लिमिटर चालू आहे का बघा, मग सायलेंटपॅच ही चाहत्यानं केलेली दुरुस्ती टाका. इतर एखादा गेम धक्के देत पळत असेल तर टास्क मॅनेजरच्या 'डीटेल्स'मधून त्याला प्रोसेसरच्या एकाच कोअरवर बांधा.

ही वाट मोफत आहे आणि चित्र मूळपेक्षाही स्वच्छ मिळतं. पण प्रत्येक गेमला वेगळं औषध लागतं, आणि सेफडिस्कपुढे तिचं काही चालत नाही.

दुसरा पर्याय व्हर्च्युअल मशीन, म्हणजे विंडोज ११ च्या आत खिडकीत चालणारा नकली पीसी. तो व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रोग्राममध्ये बनवतात. एक्सपीची स्वतःची सीडी आणि लायसन्स की हवी. ५१२ एमबी रॅम, १० जीबी डिस्क पुरे. १६ बिटचा सेटअप, सेफडिस्क, जुने रंग, सगळं इथे बहुधा सुरळीत चालतं, कारण आत खरं एक्सपीच आहे. गोची थ्रीडीची. व्हर्च्युअलबॉक्सनं ६.१ पासून एक्सपीसाठीचा थ्रीडी आधार काढून टाकला. म्हणजे 'एज ऑफ एम्पायर्स' छान, शर्यतीचे गेम नाहीत. थ्रीडी हवं तर व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो, जे २०२४ मध्ये मोफत झालं. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खाली हिरवं कासव दिसलं तर विंडोजचं स्वतःचं व्हर्च्युअल मशीन तंत्र, हायपर-व्ही, आडवं आलंय. 'कोअर आयसोलेशन'मधलं 'मेमरी इंटेग्रिटी' बंद केलं की बऱ्याचदा ते जातं, पण सुरक्षेचा एक थर कमी होतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर हे करू नका.

जुना पीसी घ्यावा का?

नाद असेल तरच. सेकंडहँड बाजारात पेंटियम ४ किंवा कोअर २ ड्युओ शोधणं सगळ्यात सोपं, म्हणजे एक्सपीच्या काळाला ते फिट. विंडोज ९८ घालायचंच असेल तर रॅम ५१२ एमबीच्या वर नेऊ नका, कॅश फुगून मेमरी पुरत नाही असं म्हणतं.

घेताना बाजूचा पत्रा उघडून बघा. प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर वरून फुगलेले किंवा चिकट असतील तर सोडून द्या. त्या काळात खराब कपॅसिटरची मोठी लाटच आली होती. सीआर२०३२ सेल बदला, थर्मल पेस्ट नवी लावा, आणि जुन्या आयडीई हार्ड डिस्कवर भिस्त न ठेवता ॲडॉप्टरवर सीएफ मेमरी कार्ड बसवा. इंटेल ८४५-८६५ बोर्डावर ३.३ व्होल्टचं जुनं एजीपी ग्राफिक्स कार्ड लावलं तर बोर्ड जळू शकतो. जून ते सप्टेंबर मशीन झाकून न ठेवता आठवड्यातून अर्धा तास चालवा, आतली ओल निघते. नेटला मात्र जोडू नका.

ईएएक्सचा (जुन्या साउंड कार्डांचे ध्वनी-परिणाम) खरा आवाज आणि सीआरटीचं, म्हणजे जुन्या जाड मॉनिटरचं चित्र इथेच मिळतं. फक्त दोन-तीन गेमसाठी हा पसारा मांडू नका.

मग काय घ्यावं?

डॉसला डॉसबॉक्स. टूडी किंवा सेफडिस्कवाल्या गेमला एक्सपीचं व्हर्च्युअल मशीन. थ्रीडी गेमला आधी रॅपर, ते हरलं तर व्हीएमवेअर. आणि गेम जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवर मिळत असेल तर सरळ विकत घ्या. तिथे कॉपी-संरक्षण नसतं, डॉसचे गेम डॉसबॉक्ससकट येतात, आणि 'कमांडोज'सारख्या गेमसाठी दोन संध्याकाळी घालवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. सेफडिस्क टाळायला कुठूनतरी क्रॅक उतरवणं मात्र नको: मूळ गेमपेक्षा त्यासोबत आलेला पाहुणाच जास्त दिवस मशीनमध्ये मुक्काम करतो.